समासातलं ‘पटलं का?’

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

परवा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची टिपणं पुन्हा वाचायला काढली आणि पहिल्याच भागात अडकले. तो सगळा भाग ऋणांचा आहे. आजोबांकडून काय घेतलं, आईकडून काय, गुरूंकडून काय, हे सम्राट एकेकाचं नाव घेऊन नोंदवतो. रस्टिकस या गुरूच्या ऋणांत एक आहे ते पुस्तकाचं : एपिक्टेटस या तत्त्वज्ञाची वचनं त्यानं स्वतःजवळची प्रत देऊन वाचायला लावली. एपिक्टेटस जन्मानं गुलाम. स्वतः त्यानं काही लिहिलं नाही. आरियन या शिष्यानं टिपून घेतलं म्हणून ते उरलं. आणि सम्राटाच्या हाती आलं ते कुणीतरी आपली प्रत काढून दिली म्हणून. तिथेच पुस्तक मिटलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले ते ‘तत्त्वज्ञानावरचं एखादं सोपं पुस्तक सांगा’ म्हणत. तुम्ही उलट विचारलंत, ‘सध्या कोणता प्रश्न छळतोय?’ उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ज्यांना मी माझी मतं म्हणते त्यांतली खरंच माझी किती आणि लहानपणापासून नुसती कानावर पडलेली किती, हेच मला उमगत नव्हतं. तुम्ही घरातून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची ‘चिंतनं’ आणून दिलीत. त्याचीही सुरुवात तिथूनच होती. लहानपणी किती खोट्या गोष्टी आपण खऱ्या धरून चाललो, या जाणिवेपासून.

‘सहा चिंतनांवर थांबू नकोस, मागचे आक्षेप वाच,’ असं तुम्ही बजावलं होतंत. खरं सांगते, माझं वाचन बदललं ते तिथे. १६४१ साली ते पुस्तक छापतानाच देकार्तनं हॉब्ज, आर्नो, गासेंदी अशा समकालीन विचारवंतांचे आक्षेप आपल्या उत्तरांसह त्यात घातले, आणि हा भाग मूळ चिंतनांहून कितीतरी मोठा आहे. पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडायची समोरच्याची बाजू, हा शब्द मला माहीत होता. पण समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडू दिलं की आपलं म्हणणं कुठे पातळ आहे ते दिसतं, हे मी त्या पानांवर अनुभवलं. आता वाद घालताना माझी जीभ मध्येच थांबते. घरच्यांनाही ते जाणवलंय.

तुमच्या प्रतीत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ठिकठिकाणी लिहिलं होतं, ‘पटलं का?’ एकाही ठिकाणी तुमचं स्वतःचं उत्तर नव्हतं. तेव्हा मी त्यावर चिडले होते. आज वाटतं, तुमचं मत तिथे असतं तर मी तेच उचलून माझं म्हणून मिरवलं असतं. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत, बाई. त्याबद्दल मनापासून आभार.

सध्या बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३पासून देकार्तला लिहिलेली पत्रं वाचते आहे. मन जर जड वस्तू नाही, तर ते शरीराला हलवतं कसं, असं ती विचारते. उत्तर येतं, तिचं समाधान होत नाही, ती पुन्हा लिहिते. माझंही झालेलं नाही. पत्रांची प्रत घेऊन पुढच्या आठवड्यात येते. या वेळी समासात पेन्सिल माझी आहे.

तुमची,
एक वाचक