फलकांचे नियम सर्व जागांना लागू करा

जाहिरात फलकांची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट ठेवण्याच्या मुंबई महापालिकेच्या धोरणाविषयी वाचले. ही मर्यादा योग्यच आहे, परंतु ती नवी नाही. ती असतानाही १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमधील पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी घेणारा फलक १२० बाय १२० फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळाने मर्यादेच्या नऊपट होता. तो इतके दिवस उभा कसा राहिला, याचे उत्तर जागेच्या ताब्यात आहे : जागा लोहमार्ग पोलिसांकडे होती आणि तेथे महापालिकेच्या परवानगीची गरज नाही, असे मानले गेले. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुना बाजार चौकात फलकाचा लोखंडी सांगाडा पडून चार जण दगावले, तेथेही जागा महापालिकेची नव्हे, तर रेल्वेची होती. फलकाखालून जाणाऱ्या माणसाला ती जमीन कोणाच्या नावावर आहे, हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. म्हणून रेल्वे असो वा अन्य कोणतेही सरकारी खाते, रस्त्यावरून दिसणाऱ्या प्रत्येक फलकाला महापालिकेचा परवाना आणि ठरावीक काळाने संरचनात्मक तपासणी बंधनकारक करावी, तसेच परवाना क्रमांक, मुदत व तपासणीची तारीख खालून वाचता येईल अशा अक्षरांत त्यावर लिहावी. राज्य सरकारने रेल्वे मंत्रालयाशी चर्चा करून हा प्रश्न पावसाळ्यापूर्वी मार्गी लावावा.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई