सूचना: शनिवारी रात्री डीप स्पेस नाइनवर भेटायचंय

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी रात्री ९ वाजता (भारतीय वेळ) आपण 'स्टार ट्रेक ऑनलाइन' या व्हिडिओ गेममध्ये डीप स्पेस नाइन या अवकाश स्थानकावर जमणार आहोत. खेळ मोफत आहे, पण डाउनलोड मोठं आहे. शुक्रवारीच करून ठेवा. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरचे खेळाडू एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांनी पीसीवरूनच या.

एकाच स्थानकाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात. आत आल्यावर कोणी दिसलं नाही तर घाबरू नका. छोट्या नकाशाजवळच्या यादीतून आपली प्रत निवडा. क्रमांक त्याच वेळी ग्रुपवर टाकू.

या स्थानकावरची 'डीप स्पेस नाइन' ही टीव्ही मालिका (१९९३ ते १९९९) ज्यांनी मनापासून पाहिली, त्यांनी थोडं लवकर यावं. प्रॉमनेडवरून, म्हणजे स्थानकातल्या दुकानांच्या रस्त्यावरून, सावकाश चाला, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांशी थांबा, मग क्वार्कच्या बारमध्ये या. तिथे डाबो या जुगाराचं चाक खरंच फिरवता येतं!

नंतर खेळाच्या २०१८च्या 'व्हिक्टरी इज लाइफ' या विस्तार भागातल्या मोहिमा एकत्र खेळू. त्यात मालिकेतल्या ओडो आणि नॉग या पात्रांना मूळ कलाकारांनीच, म्हणजे ओडोला रेने ओबरज्वानोआ यांनी आणि नॉगला अॅरन आयझेनबर्ग यांनी, स्वतः आवाज दिलाय. दोघंही २०१९मध्ये गेले. म्हणून एकच आग्रहाची विनंती: ही पात्रं बोलत असताना संवाद वगळून पुढे जाऊ नका, पूर्ण ऐका.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत आपल्या पात्राचं नाव ग्रुपवर कळवावं. नवीन मंडळींना सुरुवातीचे धडे आधी पूर्ण करावे लागतील. अडलं तर विचारा, आम्ही सोबत खेळू.