बाबा, आधी पंखा बंद करा

लास वेगस,
रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, नागपूरच्या एम्प्रेस मिल या बंद पडलेल्या कापड गिरणीच्या जुन्या कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या म्हणताय आणि इथे हे काम कसं चालतं ते विचारलंत. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहिते.

इथल्या नेवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००३ पासून मौखिक इतिहासाचं केंद्र आहे. क्लेटी व्हाइट यांनी ते अनेक वर्षं चालवलं. १९४० साली या शहराची वस्ती ८,४२२ होती, २०२० मध्ये ६,४१,९०३ झाली. वर्षाला शंभरेक मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या वाळवंटात एवढी माणसं का आली, ते जनगणनेचे आकडे सांगत नाहीत. मुलाखतींतून कळतं. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या हेंडरसनला मॅग्नेशियमचा कारखाना निघाला आणि आर्कान्सॉमधलं फोर्डाइस, लुइझियानातलं टॅल्यूला अशा लहान गावांतून कृष्णवर्णीय कुटुंबं यायला लागली. आधी एक जण, मग त्याचा मेहुणा, मग मेहुण्याचा शेजारी. त्यांनी राहायचं रुळांपलीकडच्या वेस्टसाइडला. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावरच्या, हॉटेलात भांडी घासायची, खोल्या साफ करायच्या, पण पाहुणा म्हणून आत जायचं नाही. ही बंदी १९६० च्या मार्चमध्ये उठली, तीही दंतवैद्य जेम्स मॅकमिलन यांनी मोर्चाचा इशारा दिल्यावर. म्हणून पहिला प्रश्न विचारा, ‘गिरणीत कोणाच्या ओळखीने लागलात?’ एका नावातून दहा नावं निघतात.

‘कोणत्या साली?’ हे मात्र विचारू नका. माणसं साल चुकतात, आणि चुकलं की वरमून गप्प होतात. इथले लोक काळ मोजतात तो घटनांवरून. एमजीएम हॉटेलला आग लागली (नोव्हेंबर १९८०, ८५ बळी) त्याच्या आधी की नंतर, वाळवंटात अणुचाचण्यांचे ढग दिसायचे (१९५१ ते १९६२) तेव्हा घरात कोण कोण होतं. तुमच्याकडे गोवारी हत्याकांड (१९९४ ची मोर्चातली चेंगराचेंगरी) आहे, धाकट्याचं बारसं आहे, गिरणीचा भोंगा बंद झाला तो दिवस आहे. साल तुम्ही नंतर घरी बसून जुळवा.

सगळ्यात जास्त वेळ कामाला द्या. ‘काम कसं होतं?’ विचारलं की ‘कष्टाचं होतं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी पाळी सुरू झाल्यापासून हात काय करत होते, ते क्रमाने विचारा. इथल्या खोल्या साफ करणाऱ्या बायकांना असं विचारलं की सगळं बाहेर येतं: ढकलगाडीत कोणती चादर खाली आणि कोणती वर, जड गादीचा कोपरा उचलताना मनगट कसं दुखावतं, गिऱ्हाईक निघून गेलेल्या खोलीला राहत्या खोलीपेक्षा जास्त वेळ का लागतो. एका पाळीत पंधराएक खोल्या उरकायच्या असतात. दोन-तीन दिवस न झाडलेली खोली आली तर मळ तिप्पट, वेळ मात्र तेवढाच. २०२३ च्या करारात हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने रोजच्या साफसफाईचा हट्ट का धरला, ते हे ऐकल्यावरच उमगतं. या युनियनची १९९० मध्ये अध्यक्ष झालेली हॅटी कँटी अलाबामातून आली होती. दहा मुलांची आई, नवरा गेल्यावर हॉटेलात खोल्या साफ करायला लागलेली. तिच्याच कारकिर्दीत फ्रंटियर हॉटेलचा संप सुरू झाला. सुमारे ५५० कामगार, १९९१ ते १९९८, सहा वर्षं चार महिने, आणि त्यांच्यातला एकही फुटला नाही. असा संप कसा टिकतो हे पुढाऱ्याला विचाराल तर भाषण मिळेल. रात्री हॉटेलबाहेर निदर्शनाला बसलेल्यांना चहा-कॉफी कोण आणायचं, हे विचारलेलं बरं.

आता रेकॉर्डिंग. पंखा आणि कूलर आधी बंद करा. कूलरचा घों-घों आवाज नंतर काढता येत नाही, काढायला गेलं तर बोलणाराचा आवाजही पोकळ होतो. नागपूरच्या मे महिन्यात हे अशक्य आहे, म्हणून सकाळी सातला बसा. पडदे, गाद्या असलेली खोली निवडा, कडप्प्याच्या ओट्याजवळ आवाज घुमतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. तो टेबलावर थेट ठेवू नका, खाली टॉवेलची घडी घाला, नाहीतर बांगड्यांची किणकिण आणि कपबशीचा प्रत्येक खडखडाट त्यात जाईल. फोनवरच करणार असाल तर विमान मोड लावा, मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फाइल वेव्ह (.wav) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका माइकला तासाला अर्धा जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड महिनोन्‌महिने पुरेल. सुरुवातीला नावं, तारीख, जागा तुम्हीच बोला. मग एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका आणि नंतरच पुढे जा.

दीड तासाच्या वर बसू नका. समोरचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायची तुम्हाला सवय आहे (रागावू नका), ती जरा आवरा. लांबलेल्या गप्प बसण्यानंतर बरेचदा मुख्य गोष्ट येते. चार जणांना एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजाचा एकटाच बोलेल. नवरा-बायको असतील तर बायकोची उत्तरं नवरा देईल, म्हणून गिरणीतल्या बायकांशी आईने वेगळं बसून बोलावं. आई, तू मधे ‘हो ना’, ‘अगंबाई’ म्हणू नकोस, नुसती मान हलव.

एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सहा-आठ तास लागतात. आठवड्याच्या आत उतरवा, नाहीतर ‘तिकडे’ म्हणजे कुठे आणि ‘तो’ म्हणजे कोण, हे कोणालाच आठवत नाही. खात्यांची, यंत्रांची नावं ते म्हणतील तशीच लिहा. उतरवलेलं त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी ‘हे काढा’ म्हटलं तर काढा. कोणाचा गिरणीकडच्या थकीत देण्यांचा दावा चालू असेल, तर काय ठेवायचं नि काय काढायचं ते आधीच बोलून घ्या.

संमतीचा कागद मराठीत, एका पानाचा करा: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नाव छापायचं की नाही. मसुदा मी वेगळा पाठवते, छापायच्या आधी अक्षर मोठं करून घ्या.

तुमची,
मनू