याकोब, एसाव आणि आपलं घर

चि. आशिष,

अनेक आशीर्वाद. पप्पांचा सलाम.

रविवारी रात्री तू जे विचारलंस ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसले. बंगळुरूला तुमच्या बायबल अभ्यासात रोमकरांस पत्राचा नववा अध्याय चाललाय, आणि तिथे कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं की जे विश्वासात आले नाहीत ते मुळात निवडलेलेच नव्हते. तुला लगेच धाकटे आबा आठवले. "मम्मी, देवाने जगाच्या आधीच यादी करून ठेवली असेल तर त्याला चांगला कसा म्हणायचं?" असं तू विचारलंस. असले प्रश्न विचारू नयेत, असं आपल्याकडे काही लोक म्हणतात. त्यांचं ऐकू नकोस. सदोम शहराचा नाश होणार होता तेव्हा अब्राहामाने देवाला याहून तिखट प्रश्न विचारला होता आणि देव त्याच्यावर रागावला नाही.

तुझे आजोबा आणि धाकटे आबा, राहुरीकडच्या महारवाड्यात एका ओसरीवर वाढलेले सख्खे भाऊ. आजोबा मिशनच्या शाळेत गेले, बाप्तिस्मा घेतला, मास्तर झाले. धाकटे आबा तरुणपणी दिंडीत जायचे, चोखोबाचे अभंग खड्या आवाजात म्हणायचे. पुढे छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर त्यांचं घर बौद्ध झालं. भावाभावांत त्यावरून कधी वाद झाल्याचं मी पाहिलं नाही. नाताळला धाकटे आबा हमखास यायचे. करंजीत ओलं खोबरं आहे ना, हे विचारल्याशिवाय हात लावायचे नाहीत. आजोबांच्या मातीला पाळकांनी वचन वाचलं, गीत झालं, लोक पांगले, पण धाकटे आबा कबर पूर्ण भरेपर्यंत उन्हात उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. त्यांच्याबद्दल "निवडलेले नव्हते" हे दोन शब्द कुणी चहाबरोबर बोललं तर तुला राग येणारच, आणि आला ते बरंच झालं.

तुझ्या रागामागे आणखी एक कारण आहे. "मुलं अजून जन्मली नव्हती, त्यांनी बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच ठरलं," असं त्या अध्यायात आहे. जन्माआधी ठरलेलं, हे आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय. कुणी विहिरीवर जायचं, कुणी वेशीबाहेर राहायचं, सगळं म्हणे आधीच ठरलेलं. मग आजोबा ज्यातून बाहेर पडले तेच पुन्हा इंग्रजी पुस्तकातून घरात आलं की काय, असं तुला वाटलं असणार. मलाही वाटायचं. म्हणून हा अध्याय मी फार वर्षं टाळत होते, उपासनेत वाचला गेला तरी कान मिटून घ्यायचे.

पण हे पत्र लिहिणारा पौल तिथे कुणाशी भांडतोय ते बघ. आपण अब्राहामाच्या वंशातले, म्हणून देवावर आपला हक्क आहे, असं धरून चालणाऱ्यांशी. त्यांना तो म्हणतो, जन्माचंच बोलायचं तर इश्माएलही अब्राहामाचाच मुलगा होता. याकोब आणि एसाव तर एका आईबापाचे, जुळे. थोरल्याचा हक्क जगाच्या रीतीने एसावाचा, आणि देवाने रीत मोडून याकोबाला निवडलं. म्हणजे जन्माने मिळालेला मान देव मोजत नाही, हे सांगण्यासाठी हा दाखला आलाय. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएलाला सांगितलंय की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडके होता. आणि करिंथच्या मंडळीला पौल लिहितो की जगाने ज्यांना हीन ठरवलं, धिक्कारलं, त्यांना देवाने निवडलं. मिशनच्या शाळेत बसलेल्या आजोबांच्या कानावर हे पहिल्यांदा पडलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? तोवर त्यांना कुणीच कशासाठी निवडलं नव्हतं. जो सिद्धांत तुला तुरुंगाच्या भिंतीसारखा वाटतो, तो त्यांना उघडलेल्या दारासारखा वाटला असणार. तीच वचनं सुखवस्तू माणूस स्वतःच्या ऐटीसाठी वापरायला लागला की मात्र त्यांची पुन्हा जात होते.

आता देवाच्या स्वभावाचं. तुमच्या अभ्यासात एक वचन वारंवार येत असेल: ज्याच्यावर मला दया करायची त्याच्यावर मी दया करीन. ऐकायला एखाद्या लहरी मामलेदाराचा हुकूम वाटतो. पण पौलाने हे वचन निर्गमातून उचललंय, तेहतिसाव्या अध्यायातून, आणि ते तिथेच जाऊन वाचायला हवं. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाच केला आहे, मोशेने पाट्या फोडल्या आहेत. कराराची शाईसुद्धा वाळली नाही आणि निवडलेल्या लोकांनी तो मोडून टाकलाय. न्यायाने बघायला गेलं तर त्या छावणीतला एकही माणूस वाचायला नको. अशा वेळी मोशे म्हणतो, मला तुझं तेज दाखव. देव म्हणतो, मी माझं सगळं चांगुलपण तुझ्यासमोरून नेईन, आणि ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर दया करीन. तेज मागितलं आणि चांगुलपण मिळालं! मग तो मोशेला खडकाच्या फटीत ठेवतो, वरून हाताने झाकतो, आणि जाताना स्वतःचं नाव स्वतः पुकारतो: दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध. अपराधाची शिक्षा चुकत नाही हेही तिथेच पुढे म्हटलंय, ते मी लपवत नाही. पण "माझी मर्जी" हे शब्द देवाने उच्चारले ते कुणाला हाकलायला नव्हेत. हाकलून द्यायला पूर्ण कारण असलेल्या लोकांना ठेवून घ्यायला उच्चारले. क्षमा करायला मला कुणाची परवानगी लागत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते.

त्याच प्रसंगात, थोडं आधी, मोशे देवाला म्हणतो की यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. आता रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाची सुरुवात काढ. पौल म्हणतो, मला फार दुःख आहे, माझ्या मनात सतत वेदना आहे, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. ही तीन वचनं वगळून पुढची वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. निवडलेला माणूस ओळखायचा कसा, असं मला कुणी विचारलं तर मी ही दोन माणसं दाखवीन. आपलं नाव यादीत आहे यावर समाधान मानायला दोघेही तयार नाहीत. आणि ज्याने खरोखरच इतरांसाठी स्वतःला तोडून घेतलं, त्याच्या नावाने तर आपण प्रार्थना करतो.

मिसरच्या राजाचं, फारोचं मन देवाने कठीण केलं, त्याचं काय, असंही तू म्हणालास. निर्गम सलग वाच. सुरुवातीच्या पीडांमध्ये फारो स्वतःच मन कठीण करतो असं पुन्हा पुन्हा येतं, देवाने कठीण केल्याचं त्यानंतर. अर्थात, देवाने मोशेला ते आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गाठ पूर्ण सुटत नाही. कुंभाराला मातीवर अधिकार नाही का, असं पौल विचारतो, त्याचंही तसंच. यिर्मया कुंभाराच्या घरी गेला तेव्हा चाकावरचं भांडं बिघडलं होतं, आणि कुंभाराने ते फेकलं नाही, त्याच मातीचं दुसरं घडवलं. लोक फिरले तर मीही बेत बदलीन, असं देव तिथे सांगतो.

तुमच्याकडे ट्यूलिपची (TULIP) पाच अक्षरं, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या निवडीच्या शिकवणीचे पाच मुद्दे, पाठ करून घेतात म्हणालास. ते अक्षरांचं जुळवणं विसाव्या शतकातलं. मूळ मुद्दे १६१८-१९ च्या डॉर्टच्या परिषदेचे, हॉलंडमधले. या शिकवणीवर आक्षेप घेणारा लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं, म्हणून परिषदेनेही उत्तर पाच भागांत दिलं. तेव्हा हे पाच मुद्दे म्हणजे एका भांडणातलं उत्तर आहे. सगळी सुवार्ता त्यात मावावी अशी अपेक्षा धरू नये. त्या भांडणात राजकारणही पुरेपूर होतं. आर्मिनियसच्या बाजूचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा १६१९ च्या मे महिन्यात शिरच्छेद झाला. त्याचा साथीदार ग्रोशियस जन्मठेपेत होता, तो दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला. (पप्पांना ही गोष्ट फार आवडते. पुस्तकं कुठे ना कुठे उपयोगी पडतात म्हणतात.)

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याला तू खलनायक समजू नकोस. काहींना नाशासाठी नेमलं आहे, असं त्याने शिकवलं हे खरं, पण हा ठराव भयंकर आहे हेही त्यानेच लिहून ठेवलं. लिहिताना त्याचा हात थरथरला असावा. तुमच्या अभ्यासातल्या त्या भावाचा थरथरला नाही, माझी तक्रार तेवढीच आहे. आणि निवडीवर विश्वास ठेवणारी माणसं स्वस्थ बसली असंही नाही. विल्यम केरी याच परंपरेतला, धंद्याने चांभार. त्याच्या हाताखाली १८११ साली मराठी नवा करार छापला गेला, बंगालमधल्या श्रीरामपूरला, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे. नगरला १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरीही न्यू इंग्लंडच्या त्याच वळणाचे. देव कुणाला बोलावील ते आपल्याला माहीत नाही, म्हणून सगळ्यांकडे जायचं, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब नसता तर आजोबांना शाळा मिळाली नसती.

वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे इंग्लंडमधले दोन उपदेशक, जिवलग मित्र, याच विषयावरून फाटले. वेस्लीने १७३९ मध्ये पूर्वनिवडीविरुद्ध कडक उपदेश केला, व्हाइटफील्डने पुढच्या वर्षी तितकंच कडक पत्र लिहिलं. मत दोघांनीही बदललं नाही, पण मैत्री पुन्हा जुळली. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्यासाठी स्मरणाचा उपदेश वेस्लीने केला. मतभेद असावेत तर असे.

माझं मत विचारशील तर, आपण विश्वास ठेवला तो देवाने आधी हात पुढे केला म्हणून, हे मी मानते. आपल्या हुशारीने कुणी ख्रिस्ताकडे येत नाही. पण त्यावरून उलटा हिशेब करून, अमक्याला देवाने टाकलं, असं मी म्हणणार नाही. दुष्टाच्या मरणाने मला आनंद होत नाही, असं देव यहेज्केलात शपथ घेऊन सांगतो. त्या शपथेपेक्षा कुणाचं तर्कशास्त्र मला मोठं वाटत नाही. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ कॅल्विनच्याच परंपरेतला, पण १९४२ मध्ये त्याने मांडलं की निवडलेला माणूस ख्रिस्तच आणि नाकारलेलाही तोच, क्रुसावर. ते सगळं मला समजलंय असं नाही, पण शोधायचं तर ख्रिस्ताच्या चेहऱ्यात शोधायचं, एवढं पटतं. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत कुणी लक्ष्मीबाईंच्या नावापुढे फुली मारली असती तर ती खोडावी लागली असती. माणसाची शेवटची घटकासुद्धा आपण आतून पाहिलेली नसते.

"मी याकोबावर प्रीती केली, आणि एसावाचा द्वेष केला," हे त्या अध्यायातलं वाक्य पौलाने मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतलंय. ते अदोम या एसावाच्या वंशजांच्या राष्ट्राबद्दल, शेकडो वर्षांनंतरचं. खुद्द एसावाचं काय झालं ते उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात आहे. चारशे माणसं घेऊन तो येतोय म्हणून निवडलेला याकोब घाबरून सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडून रडतो. तेव्हा याकोब म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं. नाही निवडला त्याच्या चेहऱ्यात निवडलेल्याला देव दिसला! पुढे अनुवादात इस्राएलाला ताकीदच आहे की अदोमी माणसाचा तिरस्कार करू नका, तो तुमचा भाऊ आहे. सेईर डोंगर एसावाला मी दिलाय, त्यातली पाऊलभर जमीन तुम्हाला मिळणार नाही, असंही देव बजावतो.

पुढच्या अभ्यासाला जाशील तेव्हा एवढंच सुचव की नऊ, दहा, अकरा हे तिन्ही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचूया. देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून, असं अकराव्याच्या शेवटी पौल म्हणतो, आणि मग वाद सोडून स्तुतीच करायला लागतो. भांडू नकोस. त्या भावाला घरी जेवायला बोलाव, वाटल्यास. तो काय म्हणाला ते मला कळव.

धाकट्या आबांचा नातू परवा आला होता, तुझा नंबर घेऊन गेलाय. त्याला बंगळुरूला नोकरीची मुलाखत आहे, दोन दिवस तुझ्याकडे राहील. गादी उन्हात टाकून ठेव. आणि डिसेंबरचं तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळेसारखं वेटिंगवर राहू नकोस.

तुझी,
मम्मी