पांप्लेट वाटायच्या आधी गल्ली चालून या

संपादक साहेब, नमस्कार.

२०२६ च्या जानेवारीत आपल्या कोल्हापूर महापालिकेचं मतदान झालं, गुलाल पण धुऊन निघाला, म्हणून आता निवांत लिहितोय. विषय साधा आहे, पांप्लेट वाटायचा नकाशा.

२०१५ ला ८१ वॉर्ड होते, वॉर्डाला एक नगरसेवक, त्यामुळं तालमीतल्या पोरांना नकाशा लागतच नव्हता, कुणाच्या घरात किती मतं आणि कोण कुणावर रुसलंय सगळं तोंडपाठ. यंदा प्रभाग झाले २०, चार-चार जणांचे, एक तर पाच जणांचा. म्हणजे पेठेतल्या पोरानं पलीकडच्या कॉलनीत जाऊन वाटायचं, जिथं त्याला कुत्रंबी ओळखत नाही (आणि कुत्री ओळखत नसली की काय होतंय ते आमच्या दोघांना विचारा).

पहिल्या रविवारी आम्ही अख्ख्या प्रभागाचा नकाशा ग्रुपवर टाकला आणि म्हटलं, सुटा. दुपारी बघतोय तर मेन रोडच्या एकेका दुकानात चार-चार पांप्लेटं आणि मागच्या बोळातली घरं कोरडी. वर एक जोडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सगळा गठ्ठा वाटून आली, ती बाजू दुसऱ्याच प्रभागात! हद्द रस्त्याच्या मधनं जाते हे नकाशात होतं की, पण मोबाईलवर बोटानं मोठं करून बघतंय कोण. चूक आमचीच.

मग कॉलेजच्या एका पोरीनं ओपनस्ट्रीटमॅपवरनं (लोकांनीच मिळून बनवलेला इंटरनेटवरचा नकाशा) भाग काढला, ते फुकट असतंय, छापायलाबी चालतं, फक्त खाली त्यांचं नाव टाकायचं. प्रभागाचे तुकडे पाडले, एक तुकडा म्हणजे दोघांना दोन तासात उरकेल एवढाच, ए-फोर कागदावर. हद्दीच्या रस्त्याची आपली बाजू तेवढी हायलायटरनं रंगवली. राजारामपुरीसारखं असलं तर सोपं, गल्ल्यांना नंबरच आहेत, पण पेठेतल्या बोळाला नकाशात नाव नसतंय, तिथं आम्ही चालत जाऊन पेननं लिहिलं, ‘गिरणीमागं’, ‘वडाच्या पाराजवळनं आत’. आणि पत्त्यातला ए वॉर्ड, बी वॉर्ड, ई वॉर्ड बघून जाऊ नका, ते जुनं आहे, आजच्या प्रभागाशी त्याचा मेळ नाही, नवीन पोरं तिथं हमखास गंडतात.

चालतानाच दारं मोजली, अपार्टमेंटला खालच्या पत्रपेट्या मोजल्या, आकडा नकाशावर टाकला आणि तेवढीच पांप्लेटं मोजून दिली. नाहीतर पोरं कंटाळली की उरलेला गठ्ठा गटारीत, आणि पांप्लेटावर छापणाऱ्याचं न् छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता असतंय, ते काय गल्लीला वाचता येत नाही होय?

ते कागद अजून तालमीत ठेवलेत, चावरी कुत्री लाल पेनानं खुणा करून. पुढच्या वेळी कुठल्याबी पार्टीच्या पोरांना पाहिजे असले तर येऊन झेरॉक्स मारून न्या, चहा आमच्याकडनं.

– एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ, कोल्हापूर