पाचव्या भागाआधी हाती दिलेल्या पुस्तकाबद्दल

आदरणीय ग्रंथपाल बाई,
सप्रेम नमस्कार.

स्टीफन किंग यांच्या ‘द डार्क टॉवर’ मालिकेचा पाचवा भाग, ‘वुल्व्ज ऑफ द काला’, मी मागितला, तेव्हा तो देण्याआधी आपण त्यांचीच १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी माझ्यापुढे ठेवलीत आणि आधी ही वाचून या, असे सांगितलेत. त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रक्तपिपासू पिशाच्चासमोर ज्याची श्रद्धा डळमळली, ज्याला त्या पिशाच्चाचे रक्त प्यावे लागले आणि ज्याचा हात स्वतःच्याच चर्चच्या दाराला लागताच भाजला, तो फादर कॅलहन त्या कादंबरीत बसमध्ये बसून गाव सोडतो. त्याचे पुढे काय झाले, हे वाचकाला थेट २००३ साली, या पाचव्या भागात कळते. पिढीतून एकदा ‘लांडगे’ येऊन जिथल्या जुळ्यांपैकी एकेक मूल पळवून नेतात आणि बुद्धी हिरावून परत पाठवतात, अशा शेतकऱ्यांच्या गावात तो आता राहत असतो. न्यूयॉर्कमधील निराधारांच्या आश्रयस्थानातले दिवस, दारूचे व्यसन आणि वर्षानुवर्षांची भटकंती तो मालिकेचा नायक रोलंड आणि त्याच्या सोबत्यांना सविस्तर सांगतो. हे निवेदन लांबले आहे, असे वाटणारे वाचक असतील; मला मात्र तोच या ग्रंथाचा गाभा वाटला. ‘लांडग्यां’विरुद्धच्या ज्या लढाईसाठी शेकडो पाने तयारी चालते, ती (मला तरी हे आवडले) थोडक्यात आटोपते. कॅलहनची कबुली मात्र दीर्घकाळ मनात राहते. आपण सुचवलेली कादंबरी न वाचता मी इथवर आलो असतो, तर तो मला एक सज्जन, दुःखी पाद्री एवढाच वाटला असता. आणि शेवटी खुद्द ‘सेलम्स लॉट’चीच प्रत त्याच्यासमोर येते, तेव्हा त्याला बसलेला धक्का मला निव्वळ लेखकाची करामत वाटला असता.

२०१२ साली आलेले, पण कथानकाच्या दृष्टीने चौथ्या व पाचव्या भागांच्या मध्ये बसणारे पुस्तक शेवटी वाचावे, हा आपला सल्लाही मी पाळणार आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेले सहावा आणि सातवा हे दोन्ही भाग कृपया माझ्या नावे राखून ठेवावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक सभासद