पांढऱ्या पेशींचा आकडा आणि सेप्सिसचे निदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जंतुसंसर्ग झाला आणि त्या मर्यादेत असल्या म्हणजे काळजीचे कारण नाही, हे समीकरण आरोग्यविषयक मजकुरातून इतक्या वेळा मांडले जाते की, सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल हाती पडताच रुग्णाचे नातेवाईक प्रथम तोच आकडा शोधतात. साध्या संसर्गात या समजुतीने फारसे बिघडत नाही. सेप्सिसमध्ये मात्र ती जिवावर बेतू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सेप्सिस म्हणजे केवळ रक्तात जंतू सापडणे नव्हे. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागणे, ही त्याची २०१६ पासून रूढ झालेली व्याख्या आहे. त्यापूर्वी सुमारे पाव शतक १९९१ साली ठरलेल्या निकषांवर काम चालत असे. शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी मिनिटाला ९० हून जास्त, श्वास मिनिटाला २० हून जास्त, आणि पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला १२,००० हून जास्त, ४,००० हून कमी अथवा त्यांत १० टक्क्यांहून अधिक अपक्व पेशी, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या की सार्वदेहिक दाह आहे असे मानत आणि सोबत संसर्ग असल्यास त्याला सेप्सिस म्हणत. स्वादुपिंडाचा दाह, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया यांतही हे निकष सहज पूर्ण होतात, ही तक्रार जुनीच होती. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांच्या एका मोठ्या अभ्यासाने उलट बाजूही दाखवली: संसर्ग आणि अवयव निकामी होणे या दोन्ही गोष्टी असलेल्या रुग्णांपैकी साधारण आठांतील एकाला दोन निकषही लागू पडत नव्हते. आज अवयवांची स्थिती मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोफा गुणांकनात प्लेटलेटना स्थान आहे, पांढऱ्या पेशींच्या संख्येला नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

आकडा का फसवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्तवाहिन्यांमधील न्यूट्रोफिलांचा (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) मोठा हिस्सा वाहत्या रक्तात नसून वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतो. तीव्र ताण आला किंवा स्टेरॉइड दिले की या पेशी भिंत सोडून प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही आकडा फुगतो. याउलट तीव्र सेप्सिसमध्ये पेशी ऊतींमध्ये इतक्या वेगाने खर्ची पडतात की त्या तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला पुरवठा झेपत नाही आणि संख्या घसरते. वाढलेली संख्या घसरून खाली येताना मर्यादेतून जातेच, आणि नेमक्या त्या वेळी रक्त घेतले गेले तर अहवालात ‘नॉर्मल’ असे छापून येते. वृद्ध, नवजात बालके आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत तर या एका आकड्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे.

पेशी किती आहेत यापेक्षा त्या कशा दिसतात, हे अनेकदा अधिक उपयुक्त असते. काचपट्टीवर रंगवलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तीव्र संसर्गात मज्जेतून घाईने बाहेर पडलेले न्यूट्रोफिल ओळखू येतात. त्यांचे केंद्रक पाकळ्यांत विभागलेले नसून घोड्याच्या नालासारखे वाकलेले असते, पेशीद्रवात गडद, जाड कण उठून दिसतात, कडेला फिकट निळसर डाग असतात आणि मध्येच रिकामी बुडबुड्यांसारखी पोकळी. अर्थात नळीत बराच वेळ पडून राहिलेल्या रक्तातही अशा पोकळ्या तयार होतात. म्हणून पट्टी ताज्या रक्ताची हवी आणि पाहणारी नजर सरावलेली. स्वयंचलित यंत्रे आता अपक्व पेशींची टक्केवारी स्वतःच देतात, पण ती ओळ अनेक अहवालांत छापलीच जात नाही.

नव्या खुणांपैकी सर्वांत व्यवहार्य मला मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या आकारमानातील तफावत वाटते. सेप्सिसमध्ये काही मोनोसाइट फुगतात, काही फुगत नाहीत, आणि आकारांतील ही विषमता यंत्र नेहमीच्याच सीबीसीसोबत मोजते. तातडीच्या विभागातील प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. वेगळे रक्त लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. परंतु नळीतील गोठणरोधक क्षाराचा प्रकार बदलला किंवा नमुना तपासायला उशीर झाला तर मोजमाप बदलते, हे विसरून चालणार नाही. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरील सीडी६४ हे प्रथिन एरवी अत्यल्प असते आणि संसर्गानंतर काही तासांत वाढते. मोनोसाइटवरील एचएलए-डीआर हे प्रथिन मात्र घटते. ही घट निदानापेक्षा वेगळी गोष्ट सांगते: दाह पेटलेला असतानाच रुग्णाची प्रतिकारशक्ती खचत चालली आहे आणि त्याला दुसरा संसर्ग होण्याचा धोका आहे. या दोन्हींसाठी फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील प्रथिने लेझरच्या साह्याने मोजण्याचे तंत्र) लागते, आणि रात्री दोन वाजता ती उपलब्ध असणारी रुग्णालये थोडीच.

यांपैकी कोणतीही खूण एकटी निर्णायक नाही. दीर्घकाळ गाजलेल्या प्रोकॅल्सिटोनिनचे (जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या एका घटकाचे) उदाहरण डोळ्यांसमोर आहे. प्रतिजैविके केव्हा थांबवावीत यासाठी ते उपयोगी पडते. ती सुरू करावीत की नाही हे ठरवताना वैद्यकीय तपासणीच्या जोडीला त्याचा वापर करू नये, असा कल २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नोंदवला. त्याच सूचनांनुसार सेप्सिसमुळे रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेल्या अवस्थेत) असल्याची शंका असेल, तर प्रतिजैविक शक्यतो एका तासाच्या आत द्यायचे असते. रक्ताच्या कल्चरला (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला) एक ते काही दिवस लागतात आणि पुष्कळदा त्यात काहीच उगवत नाही. गोंधळलेला, धाप लागलेला, लघवी कमी झालेला रुग्ण समोर असताना अहवालातील पांढऱ्या पेशींचा ९,००० हा मर्यादेतील आकडा पाहून थांबणे म्हणूनच समर्थनीय नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीला एक विनंती. ‘एका थेंबात सेप्सिसचे निदान’ अशा धर्तीची बातमी छापताना ती चाचणी निरोगी माणसांशी तुलना करून तपासली की संसर्ग नसलेल्या पण तितक्याच आजारी रुग्णांशी, हे बातमीदाराने अवश्य विचारावे. पहिल्या प्रकारात जवळपास कोणतीही चाचणी उत्तम दिसते. प्रत्यक्ष तातडीच्या विभागात डॉक्टरांसमोर प्रश्न असतो तो दुसऱ्या प्रकारचा.

आपली विश्वासू,
रक्तचाचणी प्रयोगशाळेत काम करणारी एक डॉक्टर